माळ्यावरची हत्यारं

नमस्कार, श्रोतेहो. 'ते जुनं एचएमटी जनता कुणीतरी तसंच्या तसं पुन्हा काढायला हवं,' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पांढरी तबकडी, 35 मिलिमीटरचं आटोपशीर घड्याळ, रोज चावी द्यायची. तारखेची खिडकी नाही, हे तर फारच उत्तम. चांगल्या तबकडीला भोक पाडून तारीख कशाला दाखवायची? भिंतीवर कालनिर्णय असतंच की!

तर मंडळी, तबकडी आजही छापता येते, केस, म्हणजे बाहेरची धातूची डबीही घडवता येते. अडतं ते आतल्या यंत्रापाशी, आणि यंत्र अडतं हत्यारांपाशी. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावची हकिकत ऐकाच.

तिथल्या झेनिथ या घड्याळ कंपनीने 1969 मध्ये 'एल प्रिमेरो' हे यंत्र आणलं. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, स्टॉपवॉच असलेलं, तासाला 36,000 ठोक्यांचं. म्हणजे सेकंदाला दहा; आपल्या जनताचे पाच. पुढे क्वार्ट्झची, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांची लाट आली. कंपनी तेव्हा शिकागोच्या झेनिथ रेडिओ या वेगळ्याच कंपनीच्या मालकीची होती. 1975 मध्ये तिकडून हुकूम सुटला: यांत्रिक घड्याळं बंद, हत्यारं भंगारात. शार्ल व्हेर्मो या तिथल्या कारागिराने पत्र लिहून विनवलं, निदान एक छोटा विभाग तरी चालू ठेवा. नकार आला. मग हा गडी गुपचूप एकेक वस्तू कारखान्याच्याच माळ्यावर नेऊ लागला. जवळपास 150 प्रेस, शिवाय कॅम, कटर. कुठली वस्तू कशाची त्याची नोंद केली, यंत्र बनवायची रीत वहीत उतरवली आणि माळ्याची वाट भिंतीआड बंद करून टाकली! 1984 मध्ये एल प्रिमेरो पुन्हा बनू लागलं, ते या माळ्याच्या जोरावर. 1988 मध्ये रोलेक्सने आपल्या डेटोना या स्टॉपवॉचच्या घड्याळात हेच यंत्र घातलं. त्यात बरेच बदल केले, ठोकेही तासाला 28,800 वर आणले.

आता कॅमचं एवढं काय? ऑटोमॅटिक लेथवर, म्हणजे धातू फिरवत आपोआप कापणाऱ्या यंत्रावर, पटाशी किती आत जाणार, ते कॅमचा आकार ठरवतो. एका भागाला त्याचे ठरावीक कॅम. ते गेले की जुनं घड्याळ उघडून मापं घ्यावी लागतात, आणि झिजलेल्या भागावरून माप घेतलं की झीजही नकलेत उतरते. म्हणून सांगतो, नवं 'जुनं घड्याळ' बाजारात आलं की तबकडी नंतर बघा. आत यंत्र कुठलं, ते आधी विचारा.

एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूत घड्याळं सुरू केली. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्राने जानेवारी 2016 मध्ये मंजुरी दिली. तेव्हा घरातलं जनता आहे तसं जपा. सकाळी चावी द्या, अडेल तिथे थांबा. तीन ते पाच वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून घ्या. 'चालतंय ना' म्हणून सोडलं, तर वाळलेल्या तेलात पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, झिजतात. आणि तबकडी रंगवून घेऊ नका. विकत घेत असाल तर भिंगाखाली सेकंदाच्या रेघा बघा: मूळ छपाईत त्या सुईसारख्या बारीक, रंगवलेल्यात बहुधा जाड नि फुटलेल्या. देवनागरीत 'जनता' लिहिलेलं घड्याळ असेल तर त्या अक्षरांच्या कडाही तशाच तपासा.