तुर्भ्याच्या गाळ्यातला खिळा

श्रोतेहो, नमस्कार.

गोष्ट लिहायची हौस असलेले पुष्कळ जण मला म्हणतात, नोकरीच्या धावपळीत काही सुचत नाही, चार दिवस डोंगरात जाऊन बसलं तर सुचेल. मी वजनकाटे दुरुस्त करतो. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी धरतो. रबाळे, घणसोली, तुर्भे, जिथलं बोलावणं असेल तिथे उतरतो. माझ्या बहुतेक गोष्टी मला याच फिरतीत मिळाल्या, आणि त्या एका सवयीमुळे मिळाल्या. कामाच्या जागी जी वस्तू तिथली वाटत नाही, तिच्याबद्दल विचारायचं. पुन्हा सांगतो, जी वस्तू तिथली वाटत नाही, तिच्याबद्दल विचारायचं.

आणि गाडीत कानाला हेडफोन लावू नका, ही माझी हात जोडून विनंती. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली. तेव्हापासून या डब्यांतून माणसं आपलं सुखदुःख बोलत आली आहेत. ते ऐकायला कुणी नसावं, हे मला मनापासून लागतं.

तर तुर्भ्याचा कांदा-बटाटा बाजार. इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, म्हणून त्याआधी व्यापारी आम्हाला बोलावतात. नवरात्र नुकतं संपलं होतं. एका गाळ्यात मी काटा उघडून बसलो होतो. समोरच्या भिंतीत एक खिळा, खिळ्याला सुतळी आणि सुतळीत ओवलेलं चांदीचं जोडवं. बाजूला पावत्यांची तार, खाली गोण्यांची थप्पी आणि मधे बाईच्या पायातलं जोडवं!

तिथे पाटण तालुक्यातले एक वयस्कर माथाडी होते. माथाडी कायदा १९६९ चा. यांचे वडील त्याच्याही आधीपासून मुंबईत पाठीवर गोण्या वाहत होते. मी विचारलं, "मामा, हे कुणाचं?"

मामा म्हणाले, "निफाडकडच्या एका ताईचं हाय. गोल्टी, म्हंजी बारका कांदा, निवडताना आमच्या बायकांस्नी घावलं."

गोणीवरचा मार्का बघून मामांनी शेतकऱ्याचा नंबर काढला होता. पण फोनवर त्यांनी जोडव्याचा शब्दही काढला नाही. "जोडवं हरवल्यालं बाई घरात सांगत न्हाई," ते मला म्हणाले. शेतकऱ्याला त्यांनी सांगितलं, गोल्टी जास्त निघाली, कांदा साठवणीच्या चाळीत कुणी भरला, त्यांना जरा विचारायचंय. त्याने फोन बायकोकडे दिला. मामा हळूच म्हणाले, "ताई, जोडवं घावलंय."

ती कितीतरी वेळ बोललीच नाही.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. पात कापताना जोडवं बोटातून निसटलं आणि कांद्यासोबत चाळीत गेलं. हवेशीर चाळीत कांदा चार-सहा महिने टिकतो. तितके महिने तिला माहीत होतं, जोडवं इथेच आहे, पण कुठे ते माहीत नव्हतं. सौभाग्याचा दागिना, घरात सासू! तिने बाजारातून पितळेची जोडवी आणून पायात घातली, जोडीतलं उरलेलं चांदीचं जोडवं डब्यात लपवलं, आणि नवरा गोण्या भरायला बसला की दर वेळी निवडायला शेजारी बसायची. तरीही ते तिच्या नजरेतून सुटून मुंबईला आलं.

मामा म्हणाले, गाडीवाल्याकडे देतो. ती घाईने म्हणाली, "नका हो भाऊ, तो सगळ्यांदेखत देईल. माझा भाऊ रबाळ्याला एमआयडीसीत कामाला आहे, त्याला पाठवते." भाऊ नवरात्रात बहिणीकडे जाऊन डब्यातलं दुसरं जोडवं घेऊन आला होता. मी गाळ्यात असतानाच तो आला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्याने जोडवं मामांपुढे धरलं. मामांनी खिळ्यावरचं उतरवलं, दोन्ही तळहातावर शेजारीशेजारी ठेवली, नक्षी ताडून पाहिली आणि मगच दिली. भाऊ म्हणाला, "भाऊबीजेला ओवाळणीत घालतो. नवी आणली म्हणून सांगीन."

मी काटा बंद केला, वजन लावून पाहिलं, पावती केली. पण परतीच्या गाडीत मनात एकच प्रश्न होता. इतके महिने सासूला खरंच कळलं नसेल?

श्रोतेहो, घडलेलं सगळं मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. गोष्ट लिहायला घेतली ती त्या प्रश्नापासून. पितळेने बोट हिरवं पडतं, हे घरातल्या कोणत्याही जाणत्या बाईला ठाऊक असतं. माझ्या गोष्टीतली सासू सुनेच्या पायाचं हिरवं बोट बघते, काही बोलत नाही, आणि न्हाणीघरात तिच्यासाठी चिंच ठेवायला लागते. भाऊबीजेला चांदी पायात आली की चिंच ठेवणं बंद करते.

पुढे काट्याच्या कामासाठी त्या गाळ्यात पुन्हा गेलो, तेव्हा ती गोष्ट मामांना वाचून दाखवली. गोणीवर बसून त्यांनी सगळी ऐकली. चिंचेपाशी आल्यावर मला थांबवून म्हणाले, "हे आसंच झालं आसंल. माझ्या आईनंबी आसंच केलं आसतं."

नमस्कार.