पांढरी मुळी

[दृश्य: ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे, म्हणजे रोपं वाढवायचा प्लास्टिकचा ट्रे. दोन बोटांच्या चिमटीत धरून टोमॅटोचं एक रोप वर येतं.]

हे रोप २४ दिवसांचं आहे. उंचीला अर्धी वीतसुद्धा नाही. पण कप्प्यातून काढताना कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाचा, एक कणही सांडला नाही. सगळा गड्डा शंकूसारखा अखंड वर आला, कारण त्याला बाहेरून पांढऱ्या धाग्यांनी विणून धरलंय. शेतकरी या धाग्यांना पांढरी मुळी म्हणतात. पाणी आणि अन्न घेण्याचं काम बहुतांशी तीच करते. जुनी, तपकिरी झालेली मुळी मुख्यतः रोपाला धरून ठेवते आणि आलेलं पाणी वर पोचवते.

[दृश्य: शेजारच्या ट्रेमधलं दुसरं रोप.]

बियाणं तेच, पेरणीचा दिवसही तोच. उंची मात्र जवळपास दुप्पट, पानं गर्द हिरवी. बाजारात गिऱ्हाईक आधी हेच उचलेल. आता ते बाहेर काढू. कोकोपीट गळून पडलं आणि हातात राहिले चार तपकिरी दोरे. हा ट्रे सावलीत होता, त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं जात होतं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याला युरियाचं पाणीही मिळालं होतं.

यात बिघडलं काय? मुळीला पाण्याइतकीच हवा लागते, कारण तीही श्वास घेते. सतत चिंब राहिलेल्या कोकोपीटमधल्या पोकळ्या पाण्याने भरून जातात आणि मुळी गुदमरते. रोपं कोलमडवणाऱ्या बुरशीचंही अशा ठिकाणी फावतं. सावलीत पान कमी साखर बनवतं आणि जी बनते ती उजेडाकडे धावणाऱ्या शेंड्यातच खर्च होते. वर युरियातलं नत्र आयतं मिळालं, की रोप सगळी ताकद पानांत घालतं. मुळीला हिंडायचं कारणच उरत नाही.

माती ओलीही आहे आणि तिच्यात हवाही खेळतेय, या अवस्थेला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वाफसा. मूठभर माती किंवा कोकोपीट दाबून बघा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाणी येता कामा नये आणि टिचकी मारली की गोळा फुटला पाहिजे.

[दृश्य: कोकोपीटची वीट बादलीत फुगते.]

६५० ग्रॅमच्या विटेला तीन ते साडेतीन लिटर पाणी लागतं. ती फुगली की लगेच वापरायची घाई नको. नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतील, तर आणखी जास्त. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, निथळणारं पाणी फिकट होईपर्यंत. हे टाळलं, तर कोवळ्या मुळीचं टोक करपतं आणि दोष बियाण्यावर जातो. ९८ कप्प्यांच्या ट्रेला भिजवलेलं कोकोपीट साधारण सव्वा किलो पुरतं. कप्प्यात ते ठासून भरू नका.

उगवण झाली, की पाणी घड्याळ बघून द्यायचं नाही, ट्रे उचलून बघायचा. वजन हलकं लागलं आणि वरचा गडद रंग फिका पडला, की पाणी द्यायचं. दिलं, की तळाच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. नुसतं शिंपडलं, तर वरचं अर्धं बोट भिजतं आणि मुळी तिथेच घोटाळत राहते.

[दृश्य: विटांवर ठेवलेला ट्रे, खालून.]

ट्रे जमिनीला टेकवू नका. भोकाशी आलेलं मुळीचं टोक हवेने सुकतं आणि मागून नवी बाजूची मुळं फुटतात. जमिनीवरच्या ट्रेमधली मुळी मात्र थेट मातीत उतरते आणि उचलताना तुटते.

लावणीआधी पाच-सहा दिवस रोपं हळूहळू उन्हाला सरावू द्या, पाणीही थोडं ताणा. लावणीच्या दोन तास आधी मात्र ट्रे पुरता भिजवा. लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोचं खोड मातीत गेलं, की त्यालाच नवी मुळं फुटतात. म्हणून खालची पानं काढून रोप खोल लावा. कलमी रोप असेल, तर हा नियम उलटा: जोड मातीच्या वरच हवा. मिरची आणि वांगं ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर ठेवा.

[दृश्य: पिशवीतलं जास्वंदाचं जुनं रोप, तळाशी मुळांचं वेटोळं.]

ट्रेमधला गड्डा मोडायचा नाही. पिशवीत जुन्या झालेल्या रोपाचं वेगळं आहे. हे वेटोळं तसंच पुरलं, तर मुळं जाड होताना गोलच वाढतात आणि एकमेकींना आवळतात. तळाचं वेटोळं कापून टाका आणि कडेला धारदार सुरीने तीन-चार उभे काप द्या, सेंटिमीटरभर खोल.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची सवय सोडलेली बरी. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. थराच्या वरच साचतं. म्हणजे चिखल उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी पुरे.

लावल्यावर भरपूर पाणी द्या. त्यानंतर मातीत दोन पेरं बोट घालून बघा आणि कोरडं लागलं तरच द्या. वर पाच सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन हवं, खोडाला न चिकटणारं. मिरचीला लगेच कळ्या आल्या, तर खुडा. मुळी वाढावी म्हणून विकली जाणारी ह्युमिक आम्लाची काळी बाटली हवी तर वापरा, पण चिखलात बसलेल्या मुळीला ती वाचवत नाही. रासायनिक खत मात्र लगेच नको. मुळीलगत पडलेला डीएपीचा, म्हणजे नत्र-स्फुरदाच्या दाणेदार खताचा, दाणा तिला जाळतो.

[दृश्य: दहावा दिवस. दोन बोटं खोड हलकेच वर ओढतात.]

रोप सुटून वर येत असेल, तर थांबा, पाणी कमी करा. मातीने धरून ठेवलं असेल, तर आता खताचा पहिला हलका हप्ता द्या. खोडाला चिकटून नको, चार बोटं लांब.