नरक्याची साल आणि आक्काचं इंजेक्शन

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ही पिशवी बघा. राधानगरीच्या बाजूच्या जंगलातल्या एका झाडाची साल आहे हिच्यात. बोटभर लांबीचे चार तुकडे. 2011 सालापासून माझ्या कपाटात आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आक्काला, आतड्याचा कॅन्सर झाला. पहिली औषधं लागू पडेनात म्हणून डॉक्टरांनी इरिनोटेकान नावाचं इंजेक्शन सुरू केलं. दोन डोस झाले आणि जुलाबांनी तिला अंथरुणावरून उठवेना. तेवढ्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी ही साल आणून दिली. "झाडपाल्याचं आहे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही," म्हणाले. आक्कानं इंजेक्शन बंद केलं. दोन पेले पाणी अर्ध्या पेल्यावर येईपर्यंत साल उकळायची आणि सकाळ-संध्याकाळ प्यायची, असं सुरू झालं. डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. झाडाचं नाव विचारलं आणि उत्तर ऐकून मटकन खाली बसलो. नरक्या! आक्का ज्या इंजेक्शनला भ्याली होती, त्याचं मूळ द्रव्य याच झाडात असतं.

हे द्रव्य पहिल्यांदा हाती लागलं ते एका चिनी औषधी झाडातून. त्याला तिकडं शी शू म्हणतात, म्हणजे आनंदवृक्ष. 1950च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्यातले मनरो वॉल वनस्पतींमध्ये कॉर्टिसोन या सूज उतरवणाऱ्या औषधासाठी कच्चा माल शोधत होते. तेच अर्क कॅन्सरवर तपासले गेले आणि या झाडाचा अर्क उठून दिसला. 1966 साली वॉल आणि त्यांचे सहकारी, त्यात आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणीही होते, यांनी द्रव्याची रचना मांडली. नाव ठेवलं कॅम्टोथेसिन. 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय संशोधकांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं, आणि तेही भरपूर.

पण पुढचा रस्ता फार वाईट होता. कॅम्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शिरेतून देता यावं म्हणून त्याचा सोडियम क्षार केला. तो विरघळला, पण त्या खटाटोपात रेणूतलं एक कडं उघडलं आणि औषधाचा जीव नेमका त्या कड्यात होता. गुण थोडा, त्रास फार. लघवीतून रक्त, उलट्या, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबवाव्या लागल्या.

ते नेमकं काय करतं हे कळायला 1985 साल उजाडलं. दोरखंडाचा पीळ एका जागी उलगडायला गेलं की पुढं तो आणखी आवळतो, हे तुम्ही पाहिलं असेल. डीएनएचंही तसंच. म्हणून पेशीतलं एक विकर धाग्याचा एक पदर कापतं, पीळ सैल करतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्टोथेसिन नेमकं कापलेल्या जागी अडकून बसतं, सांधा जुळू देत नाही. विभाजनाच्या घाईतली पेशी तिथं येऊन आदळते आणि मरते. कॅन्सरची पेशी अशी घाईतली असते, पण आतड्याच्या अस्तराचीही असते. आक्काचे जुलाब हे त्यामुळंही. रेणूत फेरफार करून पाण्यात विरघळणारी इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधं झाली, आणि 1996 साली दोन्हींना अमेरिकेत मान्यता होती. द्रव्याची रचना मांडल्यापासून तीस वर्षं गेली.

हे सगळं आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "मग झाडच घेतलं तर काय बिघडलं?"

तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला गुऱ्हाळाची आठवण दिली. एकाच फडातला ऊस, एकच काहील, तरी या आधणाचा गूळ त्या आधणासारखा उतरत नाही. गुळव्या नजरेनं ओळखतो. सालीचं ओळखणारा गुळव्या कुठाय? झाड किती वर्षांचं, साल कुठल्या भागाची, कधी काढली, यावर द्रव्य कमी-जास्त होतं. त्यातून पाण्यात किती उतरलं? काहीच नाही, की विषाइतकं? काढ्याला ते सांगता येत नाही.

"झाडपाल्यानं अपाय नाही" या वाक्याची मला खरोखर भीती वाटते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी बायकांनी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतल्या. एका मुळीच्या जागी अॅरिस्टोलोकिया वंशातली दुसरी मुळी आली होती. शंभराच्या आसपास जणींची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढं मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. आपल्याकडची सापसंद त्याच वंशातली. दुसरं उदाहरण तर थेट इरिनोटेकानचं. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात उदासीवर घेतली जाणारी वनस्पती. 2002 सालच्या अभ्यासात ती सोबत घेणाऱ्या 5 रुग्णांच्या रक्तात इरिनोटेकानचा कामाचा अंश 42 टक्क्यांनी घटला. म्हणजे इंजेक्शन घेतलं, त्रास सोसला आणि औषध मात्र जवळपास अर्धंच पोचलं.

तेवढाच राग मला झाडपाला म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांचाही येतो. येल विद्यापीठातल्या युंग-ची चेंग यांच्या गटानं सुमारे 1800 वर्षांपूर्वी नोंदलेला एक चिनी काढा घेतला. चारच घटक, त्यात ज्येष्ठमध आणि बोर. प्रत्येक खेप आधीच्या खेपेशी जुळते का हे रासायनिक कसोटीवर तपासलं आणि इरिनोटेकान दिलेल्या उंदरांना पाजला. 2010 साली त्यांनी मांडलं की उंदरांच्या आतड्याचं अस्तर लवकर भरून आलं आणि औषधाचा कॅन्सरवरचा मारा कमी झाला नाही. झाडपाल्याचा मान ठेवायचा तर असा ठेवावा, असं मला वाटतं.

मी आक्काला घेऊन डॉक्टरांकडं गेलो आणि ही पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. ते बराच वेळ सालीकडं बघत राहिले. मग आक्काला म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." काढा बंद झाला. रक्त तपासून त्यांनी डोस कमी केला, जुलाब सुरू होताच घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि साखर-मिठाचं पाणी किती प्यायचं ते मापून सांगितलं. आक्कानं पुढची सहा इंजेक्शनं पुरी केली. त्या वर्षीच्या दिवाळीला चकल्या तिनंच पाडल्या, बसून, पाटावर.