पगाराची तारीख आणि बिलाची तारीख

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'परदेशातली नोकरी सोडताना काय पाहावं'. त्यावर येतोच. पण समोर आपल्या सोलापुरातले, अशोक चौकातले, जोडभावी पेठेतले कापड कारखानदार बसलेत, तेव्हा आधी माझ्या जिव्हाळ्याचं बोलून घेतो.

मी सिएटलजवळ सॉफ्टवेअरमध्ये होतो. आता अक्कलकोट रोडला यंत्रमागावर बसवायचं एक उपकरण बनवतो. माग किती चालला, कधी थांबला, ते मालकाला मोबाइलवर दिसतं. भेटेल तो विचारतो, एवढं धाडस कसं केलंत? धाडसाचं कौतुक फार होतं. पण धंद्याचा जीव जातो तो उधारीत, आणि उधारीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

पूर्व भागातल्या एका टॉवेलवाल्यांनी मला त्यांची वही दाखवली होती. डाव्या पानावर सुताची खरेदी, रोखीत नाहीतर आठ-पंधरा दिवसांच्या वायद्यानं. उजव्या पानावर गेलेला माल आणि त्यापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी: 'दिवाळीनंतर', 'शेठ गावाला', 'परत फोन करणे'. पेन्सिलीनं का, तर तारीख खोडून पुढची लिहावी लागते. काही ठिकाणी खोडून खोडून कागद पातळ झाला होता. दोन्ही पानांच्या मधे कामगारांचा पगार आणि विजेचं बिल. ते थांबत नाहीत. कामगारानं का थांबावं? त्याच्याही घरी चूल आहे.

माझ्या वाट्यालाही हेच आलं. एका मोठ्या कंपनीनं माल घेतला. नाव घेत नाही. जुलैत बिल लावलं. जीएसटीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरायचा. १८ टक्के मी खिशातून भरले. त्या कराची वजावट त्यांनी माझ्याच बिलावर घेतली. पैसे मात्र नाहीत! ऑगस्टमध्ये सही राहिली होती. सप्टेंबरमध्ये ऑर्डरचा नंबर जुळत नव्हता. मग साहेब रजेवर. शेवटी लेखा विभागातून प्रेमळ फोन आला, 'पाच टक्के सोडा, उद्या चेक काढतो.' माल चोख होता, एक तक्रार नव्हती. माझ्याकडं सोल्डरिंग करणाऱ्या मुलींचा पगार मी एक तारखेलाच केला. तो ज्या पैशातून केला, ते पुढच्या मालाच्या सुट्या भागांचे पैसे होते. म्हणजे त्या कंपनीचा धंदा दोन-तीन महिने माझ्या पैशावर चालला, तेही बिनव्याजी. याचा मला आजही संताप येतो.

आणि कायदा नाही असं नाही. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकवलेली बिलं त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाहीत. मग तक्रार का होत नाही? पुढची ऑर्डर जाईल, ही भीती. ती खोटी नाही. म्हणून मागणं तुमच्याकडं आहे. 'आपली पोरं परत यायला पाहिजेत' असं या गावात प्रत्येक सत्काराला म्हणतात. हार-शाल नको. लहान पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत द्या, पोरं येतील.

उद्योगपती वालचंद हिराचंद आपल्याच गावचे, जन्म १८८२ चा. त्यांची जहाजं, विमानं, मोटारी सगळ्यांना पाठ आहेत. पण सुरुवातीचे भागीदार लक्ष्मणराव फाटक आधी रेल्वेत कारकून होते, हे फार कुणी सांगत नाही. बार्शी लाइट रेल्वेचं काम या दोघांनी घेतलं. फाटकांना रेल्वेचं काम आतून माहीत होतं आणि वालचंदांच्या मागं घरची पेढी होती. पुढचं बिल निघेपर्यंत मजुरी कोण देणार, हा प्रश्न त्या पेढीनं सोडवला. नोकरी सोडून आलेल्या पोराला आज नेमकी हीच पेढी नसते...

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली म्हणतात. तर मूळ विषय.

एच-१बी, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी सुटल्यावर तिथं राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणून राजीनाम्याआधी परतीची तारीख ठरवा. ग्रीन कार्डात, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्यात, एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्या लोकांची रांग त्यामुळं संपत नाही, तेव्हा 'कार्ड आलं की परतू' हा बेत सोडा. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल तर परतल्यावर सुरुवातीला परदेशातल्या उत्पन्नावर इथं सहसा कर लागत नाही. सीए गाठून हे आधी समजून घ्या. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथलं बँक खातं, परतल्यावर निवासी करून घ्यावं लागतं, ते विसरू नका. घरखर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्या खात्याची सही घरच्यांकडं द्या आणि धंद्यासाठी त्याला हात लावू नका. धंद्याचं भांडवल मोजताना यंत्राच्या किमतीवर थांबू नका, चार महिने एकाही बिलाचे पैसे आले नाहीत असं धरून आकडा काढा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करा, तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि पैशाची मुदत खरेदी ऑर्डरवरच लिहून घ्या.

आता प्रश्न घेऊ. कारखानदारांचे आधी.