अर्ध्या तासाचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

तुमच्या शेताला पाणी किती, असं कुणी विचारलं तर आपण विहीर किती परस खोल ते सांगू, मोटार किती हॉर्सपॉवरची ते सांगू, नाहीतर कालव्याची पाळी कधी आहे ते सांगू. ओमानमधल्या डोंगरातल्या गावचा शेतकरी सांगेल, "माझं पाणी दोन अथर." अथर म्हणजे साधारण अर्धा तास. जमिनीसारखी त्याच्या मालकीची वेळ असते. ती विकता येते, भाड्यानं देता येते, मुलांमध्ये वाटता येते, मशिदीला दान करता येते. माझी काही वर्षं मस्कतमध्ये गेली, पण ओमान मला थोडाफार कळला तो या अथरामुळे. म्हणून आज त्या देशाची ओळख मी पाण्याच्या वाटेनं करून देणार आहे.

ओमानचं क्षेत्रफळ सुमारे 3,09,500 चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचं 3,07,713. म्हणजे नकाशावर दोघे जवळजवळ सारखेच. पण तिथली लोकसंख्या 50 लाखांच्या थोडी वर, आणि त्यातही दहातले चार बाहेरदेशाहून आलेले. कारण उघड आहे. मस्कतला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात आषाढातल्या एका दिवसात एवढा पडून जातो.

बारमाही नदी एकही नाही. आहेत त्या 'वादी', म्हणजे कोरडी पात्रं. एरवी त्यांत बकऱ्या चरतात, आणि डोंगरात पाऊस झाला की तासाभरात त्यांतून लोंढा येतो. 2007 च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ आलं तेव्हा या कोरड्या पात्रांनी मस्कतचे रस्ते उखडून नेले होते. पश्चिमेला रुब अल-खाली, म्हणजे 'रिकामा चतकोर', वाळूचा समुद्र. उत्तरेला हजर पर्वताची कमान, जिचं सर्वांत उंच शिखर जबल शम्स सुमारे 3,000 मीटर. अगदी टोकाला होर्मुझच्या सामुद्रधुनीवर मुसंदम आहे. मध्ये संयुक्त अरब अमिरातींची जमीन आल्यामुळे तो तुकडा देशापासून तुटलेला आहे.

आणि दक्षिणेला धोफार. तिथे आपली खूण पटते. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत सलालाहच्या डोंगरांवर धुकं आणि भुरभुर पाऊस उतरतो, आणि भाजलेला उतार हिरवागार होतो. हा वारा आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या मान्सूनचाच. त्या मोसमाला तिथे म्हणतात 'खरीफ'. आपला खरीप हंगामही याच अरबी शब्दातून आलेला! डोंगर ओलांडला की धुकं संपतं आणि कोरड्या पट्ट्यात लुबानची, म्हणजे धुपाची, झाडं लागतात. त्यांच्या सालीला चीर देऊन जो डिंक काढतात, त्यासाठी प्राचीन काळी रोम आणि इजिप्तपर्यंत व्यापार चालायचा. सातपुड्यातली सालई या झाडाची सख्खी बहीण शोभेल.

आता हजरच्या पायथ्याशी येऊ या. डोंगरातल्या भूजलापर्यंत एक विहीर खणायची आणि तिच्या तळापासून अगदी हलक्या उतारानं जमिनीखालून चर काढत गावापर्यंत आणायचा. मोटार नाही, मोट नाही, पाणी आपल्या पायांनी चालत येतं. हा 'फलज'. अशा तीन हजारांच्या आसपास फलज आजही वाहतात, आणि ही परंपरा दीड हजार वर्षांपलीकडे जाते असं मानतात. 2006 मध्ये युनेस्कोनं त्यांतल्या पाच फलजांना जागतिक वारशात घेतलं. निझवाचा फलज दारिस त्यांतलाच. लोक म्हणतात, राजा सुलेमान उडत्या गालिच्यावरून इथे आला, त्याला तहान लागली, आणि त्याच्या हुकुमावरून जिन्नांनी दहा दिवसांत दहा हजार फलज खणले. भूमिगत फलजांना 'दाऊदी' म्हणतात ते सुलेमानच्या वडिलांच्या नावावरून. आपल्याला हे तंत्र फार परकं वाटू नये. मलिक अंबरनं सतराव्या शतकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खेळवलेली नहर याच जातीची.

पण मला भुरळ पडली ती वाटणीची. 'फलज' या शब्दाचा मूळ अर्थच वाटे करणं. पाणी गावात उघड्यावर येतं तिथे पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. तिथे मालकी नाही, वाटसरूनंही घागर भरावी. पुढे मशीद, मग पुरुषांच्या आणि बायकांच्या न्हाणीघरांच्या वेगळ्या जागा, आणि त्यानंतर शेत. शेतातही आधी खजुराच्या बागा, कारण झाड वाळलं तर ते पुन्हा उभं करायला वर्षं लागतात. हंगामी पिकं अगदी शेवटी. पाणी आटलं की तेवढी शेवटची जमीन पडीक ठेवायची आणि बागा वाचवायच्या. किती शहाणपण आहे या क्रमात!

वेळ पाहणारा माणूस म्हणजे 'अरीफ'. दिवसा मोकळ्या जागेत रोवलेल्या काठीची सावली ठरलेल्या खुणेवर आली की एकाचं दार बंद, दुसऱ्याचं उघडं. रात्री चांदण्यांवर हिशेब. बिरकत अल-मौझ गावात एका वयस्क शेतकऱ्याला मी विचारलं, कुणी जास्त पाणी घेतलं तर? मोडक्या हिंदीत ते म्हणाले, "बेटा, सबका खेत नजर के सामने है." मला धुळ्याकडच्या पांझरेवरची फड पद्धत आठवली. तिथेही बंधाऱ्याचं पाणी पाटकऱ्याच्या हाती आणि पाटकरी गावाच्या नजरेत. काही हिस्से फलजाच्या स्वतःच्या नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून चर साफ करतात, डागडुजी करतात.

राज्यकारभाराचंही एक जुनं नातं या गावांशी आहे. ओमानचे अनेक मुसलमान सुन्नी नाहीत, शियाही नाहीत, ते इबादी पंथाचे आहेत. या पंथाच्या परंपरेत इमाम, म्हणजे धर्माचा आणि राज्याचा प्रमुख, घराण्यावरून नव्हे, तर विद्वानांनी आणि जाणत्यांनी निवडून ठरवायचा. निझवा ही त्या इमामांची राजधानी. किनाऱ्यावर मात्र सुलतान. पोर्तुगिजांनी 1507 मध्ये मस्कत घेतलं, 1650 मध्ये ओमानींनी त्यांना हुसकावलं, आणि पुढे आफ्रिकेतल्या झांझिबारपर्यंत आपलं राज्य नेलं. डोंगर आणि किनारा यांचं भांडण विसाव्या शतकापर्यंत चाललं. म्हणून तर 1970 पर्यंत देशाचं नाव 'मस्कत आणि ओमान' असं जोडनाव होतं.

त्या वर्षी 23 जुलैला सुलतानाचे पुत्र काबूस यांनी वडिलांना बाजूला सारून गादी घेतली. तेव्हा देशात शाळा तीन, डांबरी रस्ता दहा किलोमीटर, आणि रात्री मस्कतच्या वेशी बंद. चलनही त्याच वर्षापर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेनं छापलेला आखाती रुपया! तेलाची निर्यात 1967 ला सुरू झाली होती. त्या पैशातून काबूस यांनी पन्नास वर्षांत शाळा, दवाखाने, रस्ते उभे केले. त्यांना मूल नव्हतं. जानेवारी 2020 मध्ये ते गेले तेव्हा राजघराण्यानं त्यांचं मोहोरबंद पत्र फोडलं आणि त्यातल्या नावानुसार चुलतभाऊ हैथम गादीवर आले. पुढच्या वर्षी युवराजपदाचा नियम झाला. मजलिस अल-शूरा, म्हणजे सल्लागार सभा, लोक मतदानानं निवडतात, बायकांनाही मत आहे, पण राजकीय पक्षांना परवानगी नाही आणि शेवटचा शब्द सुलतानाचा. मला हे अपुरं वाटतं. ज्या गावांनी पाण्याचा कारभार शतकानुशतकं आपसांत ठरवला, त्यांना देशाचा कारभार ठरवणं जड जाणार नाही.

माणसांबद्दल बोलायला घेतलं तर रात्र सरेल. बलुची बोलणारे, झांझिबारहून परतलेले स्वाहिली बोलणारे, धोफारात जिबाली आणि मेहरी बोलणारे, मुसंदमच्या एका गावात फारसीच्या नात्यातली कुमझारी बोलणारे कोळी. मस्कतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कच्छी भाटिया व्यापारी आहेत, शिवमंदिर आहे, आणि आता गणपतीत आरती म्हणणारे मराठी लोकही. कुणाच्याही दारी जा, आधी खजूर, मग वेलदोडा घातलेली कहवा. पेला हलवून दाखवेपर्यंत यजमान ओततच राहतो. जबल अख्दर डोंगरावर मार्च-एप्रिलमध्ये गुलाब फुलतात, पुढे डाळिंबं लागतात. आपल्याकडे डाळिंबाच्या एका जुन्या जातीचं नावच 'मस्कत' आहे.

आता शहरांना समुद्राचं पाणी गोडं करून मिळतं. फलजाच्या वरच्या अंगाला बोअर पडल्या आणि काही चर कोरडे झाले. पोरं मस्कतला नोकरीला गेली, खजुराची छाटणी बहुतेक बांगलादेशी मजूर करतात. बिरकत अल-मौझच्या त्या आजोबांच्या मनगटावर घड्याळ होतं. वेळ झाली तसे ते उठले, वाकून चिखल-चिंध्यांची बोळी काढली, पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात वळवलं, आणि पुन्हा येऊन माझ्याशेजारी बसले.

नमस्कार.