लंब कुठे पडतो?

(दृश्य: पुण्याच्या धायरीतला एक आतला रस्ता. सकाळचे सात. तिपाईवर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र.)

वर्दळ वाढायच्या आत काम उरकायचं असतं. एक जण यंत्रापाशी उभा, दुसरा प्रिझमचा पोल घेऊन पुढे. विजेचा खांब, चेंबर, कंपाउंडचा कोपरा, आंब्याचा बुंधा. प्रत्येक ठिकाणी पोलवरचा बुडबुडा मधोमध आणायचा, हात वर करायचा, की बिंदू नोंदला जातो. ऑफिसात तो तीन आकडे होऊन येतो: ईस्टिंग (पूर्वेकडे किती), नॉर्दिंग (उत्तरेकडे किती) आणि लेव्हल (उंची).

पण रस्ता करणाऱ्याला ते आकडे पुरत नाहीत. त्याला हवं असतं ते एवढंच: सेंटर लाइनवरून किती पुढे गेलं की खांब येतो, आणि तिथून बाजूला किती? पुढे जायचं ते चेनेज, बाजूचं ते ऑफसेट. दोन्ही एकाच लंबातून निघतात.

(दृश्य: संगणकाचा पडदा. एक रेषा, एक बिंदू.)

समजा, रेषा शून्यातून निघाली आणि 40 मीटर पूर्वेला, 30 मीटर उत्तरेला जाऊन थांबली. लांबी 50. खांब आहे 20 पूर्व, 25 उत्तर. आता 20 गुणिले 40, अधिक 25 गुणिले 30, भागिले 50. उत्तर 31. लंब रेषेवर 31 मीटरला पडला. मग तिरपा गुणाकार: 40 गुणिले 25, वजा 30 गुणिले 20, भागिले 50. उत्तर 8, आणि ते धन आहे, म्हणून खांब डाव्या हाताला. ऋण आलं असतं तर उजव्या. सॉफ्टवेअर हजार बिंदूंना हेच करतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

(दृश्य: जुनी साखळी, कड्या जवळून.)

चेनेज या शब्दात साखळीच आहे. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापुरात नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, म्हणजे आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. साखळी ताणायची आणि शंकू, म्हणजे काटकोनात फटी असलेलं साधन, घेऊन तिच्या कडेने सरकत राहायचं. शंकूच्या आडव्या फटीतून शेताचा कोपरा दिसला की थांबायचं. लंब तिथे. त्या माणसांना लंब पायांनी शोधावा लागायचा, म्हणून तो कुठे पडतो हे त्यांना दिसायचं.

आम्हाला ते पडद्यावर दिसत नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

एका ओढ्याच्या कामात मी हे शिकलो. काठाची रेषा दोन सरळ तुकडे जोडून काढलेली, मधे एक वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला एका घराचा कोपरा. ओढ्यापासून 9 मीटर सोडायचे होते आणि तक्त्यात अंतर आलं 8.2. घरमालक काका दोन रात्री झोपले नाहीत. मी टेप घेऊन गेलो, तर सगळ्यात जवळचा काठ म्हणजे ते वळणच, आणि तिथपर्यंत 9.4 मीटर. त्या घरापासून दोन्हीपैकी कुठल्याच तुकड्यावर लंब पडत नव्हता. सॉफ्टवेअरने एक तुकडा पुढे लांबवला होता आणि लंब टाकला होता जिथे काठच नाही तिथे. वळणाच्या आतल्या बाजूला याच्या उलट, एकाच बिंदूचे दोन-दोन लंब निघतात आणि कुठला धरायचा ते आपण ठरवायचं.

लेव्हलचंही तसंच. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. बिंदू त्या उंचीवर आणि रेषा शून्यावर काढलेली राहिली, तर 3 मीटरचा ऑफसेट त्रिमितीत मोजताना 560.008 होतो. हा आकडा निदान ओरडून सांगतो. रेषेचं एकच टोक शून्यावर राहिलं तर ती तिरकी होते आणि लंबच भलतीकडे सरकतो. म्हणून आधी सगळं सपाट प्रतलावर आणायचं, मग लंब.

(दृश्य: पुन्हा धायरी. दुपार.)

यादीतले चार-पाच ऑफसेट आम्ही हाताने तपासतो. टेपचा शून्य खांबाला धरायचा, दुसरं टोक सेंटर लाइनच्या दोरीवरून हळूहळू झुलवायचं. 8.06. 8.03. 8.01. पुन्हा 8.02. सगळ्यात लहान आकडा आला तिथे दोरीखाली खडूची फुली. दोरीच्या कडेने टेप धरली. एकतीस मीटर.