नाव तिचं, पीक कुणाचं?

परदेशी मदतीवरच्या विकास प्रकल्पाच्या अर्जात आता एक रकाना हमखास असतो: महिला लाभार्थी किती?

हा रकाना आपोआप आलेला नाही. आफ्रिकेत शेतीचा मोठा भार बायका उचलतात, पण प्रशिक्षण आणि अवजारं पुरुषांना मिळतात, हे डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० साली मांडलं. १९७३ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतीच्या कायद्यात महिलांचा विचार बंधनकारक केला. १९९५ च्या बीजिंगमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या महिला परिषदेनंतर तो प्रत्येक धोरणात हवा, असं ठरलं. ठरलं खरं.

आता पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात चला. इथल्या नदीकाठच्या दलदलीत भात पिकवणं हे पिढ्यान्‌पिढ्या मांडिंका समाजातल्या बायकांचं काम. १९८४ मध्ये तिथे जहाली-पाचार सिंचन प्रकल्प सुरू झाला. पंपाचं पाणी, वर्षाला दोन पिकं. आधीच्या भात योजनांत जमीन पुरुषांकडे गेली होती, म्हणून या वेळी वाफे बायकांच्या नावावर करायचे, असं धोरणच होतं.

मग घोडं अडलं कुठे? मांडिंका घरात शेतं दोन प्रकारची. ‘मारुओ’ घरच्या कोठीचं: राबायचं सगळ्यांनी, पीक कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात. ‘कामान्यांगो’ ज्याचं त्याचं. बाईनं स्वतः साफ केलेली दलदल या दुसऱ्या प्रकारात मोडायची. तिथलं भात विकून आलेला पैसा तिचा. प्रकल्पाचं पाणी आलं आणि शेत घरचं ठरलं. नोंदवहीत नाव बाईचं, धान्य कोठीत. काम मात्र वर्षभराचं झालं.

बायका गप्प बसल्या नाहीत. कुणी पिकात वाटा मागितला, कुणी घरच्या वाफ्यात राबायला नकार दिला. अनेकींनी टोळ्या करून दुसऱ्यांच्या शेतात रोजंदारी धरली. तो पैसा तरी स्वतःचा.

म्हणून जाणकार आता दोन प्रश्न वेगळे ठेवतात: जमीन वापरायला कुणाला मिळते, आणि तिचं उत्पन्न कुठे जाईल हे कोण ठरवतं? हे विचारायचं बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं बसवून, तेही पंप बसवण्याआधी. काम वेळखाऊ आहे. निधी देणाऱ्यांना घाई असते, आणि वेळापत्रकात पहिली काट बहुधा इथेच लागते. रकाना तर भरलेला असतोच.